सातबारा कोनाचे नावाव?

"श्री. दामूशेठ हे आपल्या मंडळाचे एक गमतीदार सभासद होते. अभिजात कादंबऱ्यांपेक्षा त्यांतील शेतीवाडीतच त्यांना अधिक रस असे. अखेरच्या कादंबरीचे शेवटचे प्रकरण त्यांनी वाचलेलेच नव्हते. ते उघडकीस येताच त्यांनी रागाने सभात्याग केला, मंडळाचे पुस्तकही सोबत नेले आणि ते आजतागायत परतलेले नाहीत. दरवर्षी मे महिन्यात ते मंडळाला आंब्यांची पेटी देत. यंदा तीही आली नाही. सामान्य वाचक आणि अभिजात वाङ्मय यांच्यातील अंतराचे हे बोलके उदाहरण होय."

हा उतारा आमच्या रविवार वाचनमंडळाच्या यंदाच्या अहवालातला आहे. तो लिहिला आहे सबनीसबाईंनी. बाई डोंबिवलीच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या असून त्यांच्या व्यासंगाविषयी मला पूर्ण आदर आहे. तो आदर शाबूत ठेवून मी स्पष्ट सांगतो, की या उताऱ्यातील दोनच गोष्टी खऱ्या आहेत: पुस्तक गेले आणि आंबे आले नाहीत. आणि नेमक्या त्याच दोन गोष्टींचा अर्थ बाईंना कळलेला नाही! बाकी सर्व चूक. मी छत्तीस वर्षे मराठी शिकविले आहे. चुकीखाली लाल रेघ ओढल्याशिवाय मला आजही जेवण जात नाही. तेव्हा ही रेघ.

प्रथम मंडळाविषयी. वर्तकनगरातील आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरील सभागृहात दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही पंधरा-सोळा माणसे जमतो आणि केवळ एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या वाचतो. हा नियम बाईंचा. "शंभर वर्षे उकळूनही जे आटत नाही, तेच वाङ्मय," असे त्या म्हणतात. ज्यांना झेपते ते इंग्रजीतून वाचतात, उरलेले मराठी भाषांतरातून. प्रत्येक कादंबरीबरोबर बाई 'चर्चेसाठी प्रश्न' नावाचा एक कागद वाटतात. त्यात बारा प्रश्न असतात आणि त्यांतील निदान तीन प्रश्नांत 'प्रतीक' हा शब्द असतो.

दामूशेठ या मंडळात आले ते केवळ अपघाताने. ते मूळचे कोलशेतचे. खाडीकाठी त्यांची भातशेती होती, वाडवडिलांनी मिठागरे राखली होती. आता तिथे बत्तीस-बत्तीस मजल्यांचे मनोरे उभे आहेत. त्यांची सून सुप्रिया आमची सभासद. एका रविवारी ती सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडून घेऊन परस्पर सभेला आली. डोळ्यांत औषधाचे थेंब, त्यावर काळा चष्मा, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि बोटांत तीन अंगठ्या, असे हे गृहस्थ मागच्या खुर्चीवर दगडासारखे बसले होते. चर्चा एका इंग्रजी कादंबरीची चालली होती. चार मुली, आजारी बाप आणि मोठा बंगला.

बाई रंगात आल्या होत्या. "या थोरल्या मुलीची घुसमट ही सबंध शतकाची घुसमट आहे!"

मागून आवाज आला, "बाई, सातबारा कोनाचे नावाव हाय?"

सुप्रियाने कपाळाला हात लावला.

"कसला सातबारा?" बाईंनी विचारले.

"त्या बंगल्याचा ना. बाग हाय, तला हाय, घोऱ्यांचा तबेला हाय. बापूस खाटेला खिललेला. पोऱ्या नाय. मंग नाव कोनाचा?"

"काका, ही इंग्लंडमधली गोष्ट आहे."

"मंग इंग्लंडान जमीन नाय? लोका काय टांगलेली हान वर?" दामूशेठ उठून उभे राहिले. "तुमी एक तास झाला पोरीचे मनान काय हाय ते शोधताव. पोरीचे मनान तेच हाय, उंद्या बापूस गेला तं रहाचा कुठं! आता बगा, कोन तरी लांबचा पुतन्या येनार. न आला तं माझा नाव बदला."

पुढच्या रविवारी आम्ही अकरावे प्रकरण वाचून आलो. पुतण्या आला होता! समुद्रापलीकडून, दोन पेट्या आणि एक कुत्रा घेऊन. ज्या माणसाने पुस्तकाला हातही लावलेला नव्हता, त्याने केवळ ऐकीव माहितीवर कादंबरीच्या गाभ्यावर बोट ठेवले होते. मी त्याच दिवशी सूचना मांडली की या गृहस्थांना सभासद करून घ्यावे. बाई म्हणाल्या, "बघू." मी म्हणालो, "बघायचे काय? आपण बारा प्रश्न काढले, त्यांतला एकही त्यांच्या प्रश्नाच्या पासंगाला पुरत नाही." सूचना मंजूर झाली. हे अहवालात कोठेही नाही.

दामूशेठ जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले. मराठी भाषांतर ते ओठ हलवीत, पेन्सिलीने ओळ धरून वाचत. वेग बैलगाडीचा, परंतु एकही ओळ सांडत नसे. प्रत्येक कादंबरीचा ते एक सातबारा तयार करीत. खराखुरा! चित्रकलेच्या मोठ्या कागदावर रकाने आखलेले: मालकाचे नाव, वारस, पीक, आणि शेवटी 'इतर हक्क'. ज्यांनी कधी जमीन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, सातबारा म्हणजे जमीन कोणाची हे सांगणारा सरकारी उतारा. 'इतर हक्क' या रकान्यात मालक नसूनही ज्यांचे काही लागते, अशी माणसे येतात. त्या रकान्यात दामूशेठच्या पेन्सिलीने लिहिलेले असे: 'विधवा मावशी, माडीवरची एक खोली, मरेपर्यंत.' 'म्हातारा माळी, जेवण.' एकोणिसाव्या शतकातील बहुतेक थोर पात्रे त्या एका रकान्यात राहतात, हा शोध दामूशेठचा आहे. हाच शोध सबनीसबाईंनी पुढे आपल्या शिकवणीच्या वर्गात, दामूशेठच्या कागदांची झेरॉक्स काढून, विद्यार्थ्यांना दिला. त्या प्रतींवर खाली नाव नव्हते. मी पाहिले आहे. माझ्या भाचीची मुलगी त्या वर्गात होती.

रशियन कादंबऱ्यांची कथा तर ऐकण्यासारखी. आमचे निम्मे सभासद तिथे गळाले. एकाच माणसाला चार-चार नावे. आई एका नावाने हाक मारते, बायको दुसऱ्या, शत्रू तिसऱ्या! बँकेतून निवृत्त झालेले आमचे कुलकर्णी रडकुंडीला येऊन म्हणाले, "यात माणसे किती आहेत, हेच मला कळत नाही." दामूशेठना मात्र काडीचीही अडचण नव्हती.

"त्यान काय कठीन हाय? आमचे गावान सात दामू हान. दामू टेलर, दामू पोलीस, दामू भजनी, लंगरा दामू, वीटवाला दामू, ना मुका दामू. त्यो मुका सगल्यांपेक्षा जास्ती बोलतंय."

"हे सहाच झाले," कुलकर्णी म्हणाले.

"सातवा तुमचे फुरं उभा हाय ना!"

असे म्हणून त्यांनी फळ्यावर तीन पिढ्यांची वंशावळ काढली. उभ्या जन्मात मला ती कादंबरी त्या दिवशी प्रथम कळली, आणि मी ती त्यापूर्वी दोनदा वाचलेली होती.

एका फ्रेंच कादंबरीत अखेरीस मृत्युपत्र सापडते आणि नायक एकाएकी इस्टेटीचा धनी होतो. बाईंनी ते प्रकरण साभिनय वाचून दाखविले. आम्ही भारावलो. दामूशेठ स्वस्थ. "साक्षीदार किती?" त्यांनी विचारले. शोध घेतला, एकच निघाला. एक म्हातारी दाई. "मंग कागद खोटा. दोन लागतान. ह्यो पोऱ्या नाचतंय फुकट." त्या काळच्या फ्रान्सचा कायदा काय होता हे शोधायला बाईंनी आठवडा मागून घेतला. तो आठवडा अजून संपलेला नाही.

आणि खोकला! कोणतीही तरुण स्त्री पाचव्या-सहाव्या प्रकरणात एकदा जरी खोकली, तरी दामूशेठ पुस्तक मिटून छातीशी धरीत. "गेली."

"कोण गेली?"

"आपली पोरगी. खोकली ना. जल्ला मेला तो लिवनारा, एवरी चांगली पोर!"

ती पुढे चाळिसाव्या प्रकरणात खरोखर जाई. तोवर दामूशेठ तिच्या प्रत्येक आनंदाकडे अशा करुणेने पाहत, की आम्हांलाही तो आनंद सोसवत नसे. एकदा सभेत कुलकर्ण्यांनाच ठसका लागला. दामूशेठनी वळून त्यांच्याकडे असे काही पाहिले, की ते उठून बाहेर गेले आणि दुसऱ्याच दिवशी छातीचा फोटो काढून आले.

हा माणूस 'गमतीदार'? हा माणूस आमच्या मंडळाचा प्राण होता! आणि दर मे महिन्यात तो आंब्यांची पेटी घेऊन येई. कोलशेतला दोन मनोऱ्यांच्या मध्ये त्यांची थोडी वडिलार्जित जमीन उरली आहे. तिथे एक जुने पायरीचे झाड आहे, त्याचे आंबे. पेटी सुतळीने करकचून बांधलेली, गाठही न सोडलेली. सहा वर्षे आम्ही ते आंबे खाल्ले. सहा वर्षे बाईंनी आभाराचा ठराव मांडला आणि मी अनुमोदन दिले. दामूशेठ स्वतः एक फोडही तोंडात घालीत नसत. "मना साखर हाय," असे म्हणत. त्याच बैठकीत चहात दोन चमचे साखर घेत. हे मला दिसत होते. दिसूनही मी काही विचारले नाही, हा दोष माझा, आणि तो मी येथे नोंदवून ठेवतो.

आता त्या अखेरच्या कादंबरीकडे वळतो. ती एक फारशी नाव न झालेली इंग्रजी कादंबरी. एक भाऊ, एक थोरली बहीण, आणि सफरचंदांची बाग. बाप लवकर जातो. बाग वाढविते ती बहीण. कलमे तिची, राखण तिची, थंडीत झाडांना गवत गुंडाळणारे हात तिचे. भाऊ शहरात शिकतो. त्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कागद येतो, बहीण त्यावर सही करते आणि बाग भावाची होते. ती दूरच्या गावी शिवणकाम करून जगते. कैक वर्षांनी भाऊ तिच्या दाराशी सफरचंदांची टोपली ठेवून जातो. कादंबरीचे शेवटचे वाक्य: 'टोपली दारातच होती.'

ही कादंबरी आम्ही चार रविवार वाचली. पहिल्या रविवारी सर्वांनी दामूशेठकडे पाहिले. आता प्रश्न येणार! आला नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. कुलकर्ण्यांनी हसत त्यांना डिवचले, "काय दामूशेठ, सातबारा कोणाच्या नावावर?" दामूशेठ म्हणाले, "म्हाईत हाय." त्या कादंबरीचा कागद त्यांनी आखलाच नाही. इतक्या वर्षांत प्रथमच.

चौथ्या रविवारी बाई सातव्या प्रश्नावर आल्या. टोपली कशाचे प्रतीक आहे?

"टोपली ही क्षमा आहे," त्यांनी उत्तरही स्वतःच दिले. "भाऊ काही न बोलता सर्व काही बोलून गेला आहे. किती तरल शेवट!"

"क्षमा?" दामूशेठ उभे राहिले. त्यांचा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता इतका चढला. "क्षमा कसली, बाई? बाग घेतलीस ना सफरचंदा देतंस? तिचेच झाराची सफरचंदा तिचेच दारान ठेवतंस, ना वर तोंड करून सांगतंस, बग, मी कवरा चांगला!"

"दामूशेठ, शांत व्हा. आपण शेवटचे प्रकरण वाचलेले दिसत नाही. वाचले असेल, तर सांगा पाहू, शेवटचे वाक्य काय आहे?"

सर्वजण पाहत होते. दामूशेठनी पुस्तक पिशवीत घातले, पिशवी काखेत मारली आणि ते बाहेर पडले. ते पुन्हा आले नाहीत.

त्या दिवसापासून तर्कांना ऊत आला. बाई म्हणाल्या, वाचलेच नव्हते. कुलकर्णी म्हणाले, अपमान झाला. आणखी एकाने शोध लावला, की त्यांना निवडणुकीला उभे राहायचे आहे. मी एकटा म्हणत राहिलो, की ओळीखाली पेन्सिल धरून वाचणारा माणूस शेवटची ओळ सोडीत नसतो. माझे कोणी ऐकले नाही. अखेर त्यानंतरच्या पाचव्या रविवारी, मंडळाचे पुस्तक परत आणण्याचे निमित्त करून, मी सभा बुडविली आणि कोलशेत गाठले.

सुप्रिया घरी होती. "सर, पप्पा नाहीत. रविवारी ते मोहने गावाला जातात, आत्यांकडे. पुस्तक घेऊन गेलेत."

"बहिणीकडे? दामूशेठना बहीण आहे हे मला ठाऊक नव्हते."

"आम्हालाही घरात नाव काढायची सोय नव्हती. माझ्या लग्नाच्या आधीपासून बोलणं बंद. भाऊबीज नाही, काही नाही. फक्त दर मे महिन्यात पप्पा आंब्यांची पेटी पाठवायचे आणि आत्या त्याच टेम्पोने ती परत पाठवायच्या." तिने माझ्यापुढे खुर्ची सरकविली. "परत आलेल्या पेटीला घरात कोणी हात लावायचा नाही, असं पप्पांचं होतं. मग ते ती तुमच्या मंडळात घेऊन यायचे."

वाचकहो, मी खुर्चीवर बसलो. सहा वर्षांचे आभाराचे ठराव माझ्या घशाशी आले.

मी तसाच निघालो. आंबिवलीला उतरून रिक्षा केली. मोहन्याला बंद पडलेल्या रेयॉन कारखान्याच्या बाजूने आत वळले की जुनी वस्ती लागते. तिथे एका कौलारू घराच्या ओटीवर, प्लास्टिकच्या खुर्चीत, नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेऊन दामूशेठ बसले होते. खाली पायरीवर लुगडे नेसलेली, हाडापेराने मजबूत अशी एक म्हातारी वालाच्या शेंगा सोलीत होती. त्या हिराबाई. मी कुंपणाशी पेरूच्या झाडाखाली उभा राहिलो, कारण दामूशेठ वाचत होते.

आणि कसे वाचत होते! पुस्तकात जड, संस्कृतप्रचुर मराठी. दामूशेठ एक ओळ मनात वाचीत, चष्म्यावरून बहिणीकडे पाहत आणि ती ओळ आपल्या बोलीत सांगत. 'तिने कंपित हस्ताने लेखणी उचलली' याचे झाले, 'हात थरथरत व्हता, पन पेन उचललीन तिनी.' भाषांतराचे भाषांतर! ज्या 'व्हता' आणि 'नाय'खाली मी छत्तीस वर्षे लाल रेघा ओढल्या, तेच शब्द त्या ओटीवर असे शोभत होते, की मी खिशातल्या पेनला हातही लावला नाही.

"सही केलीन?" हिराबाईंनी विचारले.

"केलीन."

"वाचून?"

"वाचून. शिकलेली व्हती ती."

शेंगा सोलणारे हात थांबले. "मंग ती येरी, वाचून पन सही केलीन. मना तं वाचाला येत नव्हता."

दामूशेठ पुस्तकात पाहत राहिले. "व्हय, बाय."

"तुना येत व्हता."

"व्हय. मना येत व्हता."

कोंबडी येऊन टरफले उकरून गेली. मग हिराबाईंनी पुढची शेंग उचलली.

"वाच फुरं."

इतक्यात त्यांचे माझ्याकडे लक्ष गेले. "दामू, कोन हाय त्यो पेरूचे झाराखाली?"

"गुरुजी हान आमचे. पुस्तक न्यावाला आलं असतील."

"संपला कं पुस्तक?"

"नाय अजून."

"मंग बस बोल त्यांना. ना हात रिकामं कशाला?" असे म्हणून त्यांनी शेंगांचे सूप माझ्या मांडीवर ठेवले. मी, माजी मुख्याध्यापक, तासभर वाल सोलीत बसलो आणि एक इंग्रजी कादंबरी आगरी बोलीत ऐकली. माझ्या आयुष्यातील साहित्यविषयक सर्वोत्तम तास तो!

परतताना दामूशेठ रिक्षापर्यंत सोडायला आले. ते आपणहून बोलू लागले.

"ती मिठागराव टोपल्या वाहाची, गुरुजी, ना मी शालंन जायाचो. माझी शाला तिचे डोकीव. त्या आंब्याला पानी कोनी घातला? तिनी. मंग बिल्डर आला. वकिलानी हक्कसोडीचा कागद आनला. गावान सगल्या बहिनी देतान, मी बोललो, बाय, तू पन दे. तिनी अंगठा फुरं केला ना मना इचारला, दामू, काय लिवलाय यान? मी बोललो, काय नाय, रीत हाय."

"मग?"

"मंग तिचे जावयानी तिला वाचून दावला. तिला जमिनीचा काय नाय वाटला. मी वाचून सांगला नाय, त्याचा वाटला." त्यांनी मागे ओटीकडे बोट केले. "म्हनून आता सांगतंय. सगला. पयले पानापासून."

"त्या दिवशी शेवटचे वाक्य का सांगितले नाहीत?"

दामूशेठ रस्त्यात ताठ उभे राहिले. शाळेत पाठांतर म्हणणाऱ्या मुलासारखे हात खाली सोडून, स्वच्छ पुस्तकी उच्चारांत म्हणाले, "टोपली दारातच होती." मग आपल्या आवाजात, "तवा ता बोललो असतो, गुरुजी, तं बाईंचे फुरं रडलो असतो."

मी म्हणालो, हे मला एक दिवस लिहावे लागेल. ते म्हणाले, "लिवा. पन मी बायला सांगला तसा नको, खरा लिवा."

मी खरे लिहितो, म्हणजे तपासून लिहितो. उन्हाळा लागता लागता मी नातीला बसवून तिच्या मोबाइलवर कोलशेतचा तो उतारा उघडला. सातबारा आता कोणालाही घरबसल्या पाहता येतो. मध्येच नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही यंत्रमानव नाही ना, असं विचारतंय." मी म्हणालो, "नाही, असे लिही, आणि पुढे चल." पान उघडले. आंब्याच्या झाडाची ती उरलेली जमीन. मालकाच्या रकान्यात आजवर एक नाव होते. आता तिथे दोन होती, आणि हिराबाईंचे वर होते. 'इतर हक्क' या रकान्यात नव्हे, बाई! मालकाच्या रकान्यात. नात म्हणाली, "आजोबा, चष्मा पुसा." मी म्हणालो, "चष्म्याला काही झालेले नाही."

हे मी मंडळात सांगितले. बाईंनी मान हलविली आणि म्हणाल्या, "सर, कागदोपत्री नावे हजार कारणांनी लागतात. यावरून शेवटचे प्रकरण वाचले होते, समजले होते, असे कसे सिद्ध होते?" आणि त्यानंतर हा अहवाल छापून आला.

ठीक आहे. वादासाठी मी सातबारा बाजूला ठेवतो. नोंदीत चूक होऊ शकते, माणसे सल्ल्याने सह्या करतात, हे सारे मी मान्य करतो. मोहन्याच्या ओटीवरचा तो तास माझ्या म्हातारपणाचा भास होता, असेही हवे तर धरून चाला. बाईंच्या स्वतःच्याच वृत्तांतातली एक गोष्ट मला पुरेशी आहे. यंदा मंडळात आंबे आले नाहीत, असे त्यांनी लिहिले आहे. अक्षरशः खरे आहे. मी सुप्रियाला विचारून खात्री करून घेतली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दामूशेठनी पायरीची पेटी सुतळीने बांधली, नेहमीच्या टेम्पोत ठेवली आणि मोहन्याला पाठविली.

टेम्पो रिकामा परत आला.